शेवटची बस किती वाजता? चाळीस आमदारांना पत्र

गोवा विधानसभेच्या चाळीसही सदस्यांना सप्रेम नमस्कार.

एकट्या आमच्या आमदारांना लिहिलं असतं, तर ते 'वाहतूक खात्याशी बोलतो' म्हणाले असते आणि खातं म्हणालं असतं की परवाने कधीचेच दिलेत. दोन्ही खरंच असतं. म्हणून चाळीस जणांना एकदम लिहिते आहे. विषय छोटा आहे. पूल नको, उड्डाणपूल नको. पणजीहून, म्हापशाहून, मडगावहून, फोंड्याहून संध्याकाळी गावाकडे सुटणाऱ्या शेवटच्या बसबद्दल बोलायचं आहे.

मी सत्तरी तालुक्यातली. होंडा गावाच्या तिस्कावर (म्हणजे तिठ्यावर) उतरायचं आणि तिथून आत साडेतीन किलोमीटर, हा माझा पत्ता. पणजीत एका सीएच्या ऑफिसात एकोणीस वर्षं काम करते. सकाळी साखळी, आमोणा, माशेल, बाणस्तरी, जुने गोवे, रायबंदर; संध्याकाळी तेच उलट. रायबंदरचा तो बांध पोर्तुगिजांनी १६३० च्या दशकात घातला, अजून आमची बस रोज पेलतो. या एकोणीस वर्षांत बसगाड्या बदलल्या, तिकिटं वाढली, एका कंडक्टरचा मुलगा त्याच रूटवर कंडक्टर झाला. संध्याकाळचे सात वाजले की मान घड्याळाकडे वळते, ते मात्र तसंच आहे.

गेल्या जुलैतली गोष्ट सांगते. रिटर्न भरायचे दिवस, ऑफिसातून निघायला साडेसात झाले. पाटोवरच्या स्थानकात पोचले तेव्हा आमच्या गाडीच्या जागेशी सात माणसं उभी होती. चौघांना मी चेहऱ्याने ओळखते: साड्यांच्या दुकानातल्या दोघी, एक सिक्युरिटी गार्ड आणि आई बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात अ‍ॅडमिट आहे म्हणून रोज जा-ये करणारा एक मुलगा. त्याच्या हातात स्टीलचा रिकामा डबा. पाऊस असा की पत्र्याखाली उभं राहूनही पायजम्याचे काठ भिजत होते. पावणेआठची खाजगी गाडी आठ वाजले तरी नाही. शेवटी दुकानातल्या एकीने कंडक्टरला फोन लावला. (शेवटच्या बसच्या कंडक्टरचा नंबर आमच्यापैकी प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये असतो. माझ्याकडे तीन आहेत.) पलीकडून आवाज आला, तो स्पीकरवर सगळ्यांनी ऐकला: "बाये, आयज गाडी येवची ना. लग्नाक गेल्या."

कोणीही आरडाओरडा केला नाही. सगळ्यांना पुढचं पाठ होतं. माशेलची गाडी पकडायची, माशेलला रिक्षावाल्याशी घासाघीस करून साखळीपर्यंत यायचं, तिथे ज्याच्या घरचं माणूस स्कूटर घेऊन येईल तो सुटला. आम्ही पाच जण एका रिक्षात बसलो, गार्ड ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर. साखळीला माझा नवरा रेनकोट घालून उभा होता. डबेवाल्या मुलाला वाळपईच्याही पुढे जायचं होतं आणि त्याच्यासाठी कोणी येणार नव्हतं, कारण घरातलं येण्यासारखं माणूस तोच. आम्ही निघालो तेव्हा तो वाळपईकडे तोंड करून हात दाखवत उभा होता. मी घरी पोचले तेव्हा अकराला वीस कमी होते. तो किती वाजता पोचला, विचारायचं राहून गेलं. नंतर तो बसला दिसला नाही.

एका दिवसाचं एवढं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. गाडी महिन्यातून चार दिवस चुकते. पण कुठले चार ते आधी कळत नाही, म्हणून तीसही दिवस चुकणार असं धरून बेत करावे लागतात. हिशेबाच्या ऑफिसात आम्ही याला तरतूद म्हणतो. सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे इथली माणसं आपलं आयुष्य या तरतुदीवर चालवतात.

आमच्या वाड्यावरच्या एकीने पणजीतली दुकानाची नोकरी सोडली. दुकान आठला बंद होतं, बस पावणेआठची. मालक बरा होता, रोज पंधरा मिनिटं लवकर सोडायचा. पण सणाच्या दिवसांत, जेव्हा दुकानात गर्दी आणि बोनसची आशा, तेव्हाच तिला निघावं लागायचं. आता ती गावाजवळच्या काजूच्या कारखान्यात जाते. पगार दोनतृतीयांश. माझ्या नणंदेच्या मुलीला बारावीला चांगले मार्क होते, केमिस्ट्रीची आवड होती. तिला हवं ते कॉलेज लांब, प्रॅक्टिकलं साडेपाचपर्यंत, आणि मधे दोन गाड्या बदलायच्या. तिने बीकॉम घेतलं. घरात कोणी तिला 'सायन्स घेऊ नको' म्हणालं नाही. नकाशा बघून तिनेच ठरवलं. आणि अलीकडे मुलगी बघायला येणारी मंडळी स्वयंपाकाचं विचारत नाहीत, स्कूटर चालवता येते का ते विचारतात. हसू नका, विचारणाऱ्यांचं बरोबर आहे. लग्नानंतर सासूला दवाखान्यात कोण नेणार, हा खरा प्रश्न असतो.

माझं स्वतःचं गाऱ्हाणं अगदीच किरकोळ आहे, तरी लिहिते. मला नाटकाचं वेड. कला अकादमीच्या स्पर्धेतली नाटकं मी मध्यंतरापर्यंत पाहिली आहेत. वर्षानुवर्षं. दुसऱ्या अंकात काय झालं ते दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मांद्र्याच्या बाई सांगतात, त्यांच्याकडे गाडी आहे.

गाडी. इथेच सगळं येऊन थांबतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या ४५.२ टक्के घरांत चारचाकी असल्याचं दिसलं. देशाची सरासरी साडेसात टक्के. दुचाकी तर दहातल्या आठाहून जास्त घरांत. हे आकडे जाहीर झाले तेव्हा गोवा किती सुखवस्तू म्हणून कौतुक झालं. मला त्यात वेगळं दिसलं. आमच्या घरातल्या तीन दुचाकींपैकी दोन आम्ही हौसेने घेतलेल्या नाहीत. पुतण्याला वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरी लागली, पहिला पगार हातात यायच्या आधी स्कूटरचा हप्ता ठरला. महिना तीन हजार दोनशे हप्ता, वर पेट्रोल. पगारातले हे पैसे म्हणजे न आलेल्या बसचं तिकीट. वर त्या पोराला रात्रपाळी संपवून पहाटे मालवाहू ट्रकांमधून वाट काढत यायचं असतं. गोव्याच्या रस्त्यांवर एरवीच्या वर्षात अडीचशेच्या वर माणसं मरतात आणि त्यांत बहुतेक दुचाकीवरची. पुतण्या घरी पोचल्याचा आवाज अंगणात येईपर्यंत जाऊबाई झोपत नाहीत. दिवा बंद करून जाग्या पडून राहतात, आम्हाला वाटावं की झोपल्या.

आता खाजगी बसवाल्यांबद्दल. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे, मीही घातल्या आहेत. पण आमच्या रूटवरच्या एका मालकाने मला एकदा वहीच काढून दाखवली. सकाळच्या दोन फेऱ्या भरून जातात. दुपारी टायर झिजवायला फिरायचं. पूर्वी शाळेची मुलं होती, ती आता सरकारच्या बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून जातात. ते चांगलंच आहे, पण ती तिकिटं गेली. कारखान्यांचे कामगार कंपनीच्या बसमध्ये. उरलेले हळूहळू स्कूटरवर. शेवटच्या फेरीला वाळपईपर्यंत पोचताना गाडीत अकरा-बारा माणसं, आणि परत येताना गाडी रिकामी, नाहीतर ड्रायव्हरने रात्री तिथेच झोपायचं. लग्नाचं भाडं एका रात्रीत आठवड्याचा गल्ला देतं. "तू हिशेबातली बाई ना?" म्हणाला, "मग सांग मला, मी काय करू?" मला सांगता आलं नाही. गाडी बेभरवशाची म्हणून माणसं स्कूटर घेतात, माणसं कमी झाली म्हणून गाडी आणखी बेभरवशाची होते. तो आणि मी या चक्राच्या दोन बाजूंना आहोत. चक्र फिरवायचं की थांबवायचं हे आमच्या हातात नाही.

संध्याकाळी साडेपाच ते सहा या अर्ध्या तासात मात्र त्याच रस्त्यावर गाड्यांची शर्यत लागते. एकामागोमाग तीन, टायमावरून कंडक्टरांची भांडणं, पुढच्या थांब्यावरचा प्रवासी उचलायला ओव्हरटेक, आत "फाटीं सरात, फाटीं" (मागे सरका) चा घोष. साडेसातनंतर सामसूम. गोव्यात बस कमी आहेत असं सरसकट म्हणता येत नाही. ज्या वेळी गल्ला आहे त्या वेळी त्या आहेत.

आणि यावर इलाज नाही असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ७२ मध्ये बसचा परवाना देताना कोणत्या अटी घालता येतात त्याची यादी आहे. मी ती वाचली, माझ्या कामात कलमं वाचायची सवय लागते. दिवसाला कमीत कमी किती फेऱ्या मारायच्या, ही अट घालता येते. मंजूर वेळापत्रक गाडीत आणि थांब्यांवर लावायचं, ही घालता येते. वेळापत्रकात किती मिनिटांचा फरक चालेल, तेही ठरवता येतं. अट मोडली तर परवाना निलंबित किंवा रद्द करायचं कलम ८६ आहे. एकोणीस वर्षांत माझ्या थांब्यावर मी पानमसाल्याच्या, कोचिंग क्लासच्या, आणि तुमच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती पाहिल्या. वेळापत्रक पाहिलं नाही. आमचं वेळापत्रक म्हणजे तिस्कावरचा चहावाला. तो नसला तर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाडं नेणारे पायलट, पण तेही आठ वाजता घरी जातात. त्यांना कळतं, आता कोणी उतरणार नाही.

गाडी सुटली की नाही हे तपासायला माणूस ठेवायलाही नको. २०१९ पासून नव्या सार्वजनिक वाहनांना ठावठिकाणा कळवणारं यंत्र केंद्राच्या नियमाने सक्तीचं आहे. माझ्या मोबाईलवर मागवलेली भाजी कुठल्या वळणावर आली ते दिसतं. शेवटची बस रूटवर आहे की लग्नात, एवढंच मला बघायचं आहे.

सभांबद्दलही एक शब्द. मोठी सभा असते त्या दिवशी रूटवरच्या बसगाड्या कुठे जातात ते तुम्हाला मी सांगायला नको. समोर काचेवर नेत्याचा फोटो, आत बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या, अशा त्या आमच्या अंगावरून जातात. त्या दिवशी फुकट प्रवास करणारे आणि तिकीट काढून ताटकळणारे, दोघेही तुमचेच मतदार. एकदा आमच्या थांब्यावरचे एक आजोबा अशा गाडीला हात दाखवून चढले आणि सभेला जाऊन आले. म्हणाले, निदान बसायला तरी मिळालं.

१९८० साली सरकारी बस चालवणारं कदंब परिवहन महामंडळ स्थापन झालं, त्याला गोव्यावर राज्य केलेल्या राजघराण्याचं नाव दिलं. माझे वडील सांगत, पहिल्या पहिल्या गाड्या गावात आल्या तेव्हा लोकांनी हार घातले. मग ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. मी तेव्हा बालवाडीत. नवा पूल व्हायला काही वर्षं गेली, तोवर बेतीच्या फेरीबोटींनी अख्ख्या उत्तर गोव्याला नदीपार केलं. वडिलांच्या सांगण्यात त्या फेरीतली गर्दी असायची, पावसात तिरकी आडवी लागणारी बोट असायची, पण 'फेरी आलीच नाही' हे वाक्य कधी ऐकलं नाही. पूल सगळ्यांचाच पडला होता, मंत्र्यांचासुद्धा, म्हणून घाई होती का? मी कटू बोलत असेन तर माफ करा. आज मांडवीवर शेजारी शेजारी तीन पूल आहेत, अटल सेतू पाच किलोमीटरच्या वर आहे, झुआरीवरचा नवा पूल पाहायला तर लोक मुद्दाम जातात. मोप्याच्या विमानतळावर उतरलेल्या पाहुण्याला कदंबची वातानुकूलित बस मिळते, पणजी शहरात इलेक्ट्रिक बस फिरते. हे सगळं मला चांगलंच वाटतं. फक्त संध्याकाळी सातनंतर हे पूल ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचे असतात.

दिवाडीचे माझे एक सहकारी आहेत. बेटावर राहतात, फेरीशिवाय गत्यंतर नाही, आणि चालत जाणाऱ्याला फेरीत तिकीटही नाही. फेरी बिघडते, उशीर होतो, ते वैतागतात. पण शेवटची फेरी किती वाजता हे त्यांच्या आठ वर्षांच्या नातीलाही माहीत आहे. मुख्य भूमीवर राहून मला ते माहीत नाही.

तुम्ही एक दिवस आमच्याबरोबर बसने फिरा, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी बस वेळेवर येईल, पुसलेली असेल आणि पुढच्या सीटवर फोटोग्राफर बसेल. त्यापेक्षा जे फक्त तुम्हालाच करता येतं ते करा. पर्वरीला पुढचं अधिवेशन भरेल तेव्हा चाळीसपैकी निदान एकाने तारांकित प्रश्न टाका. मसुदा मीच देते, शब्द तुम्ही सुधारा: माझ्या मतदारसंघातल्या प्रत्येक गावाकडे जाणारी शेवटची बस परवान्यानुसार कुठून किती वाजता सुटते, आणि गेल्या तीन महिन्यांत ती प्रत्यक्ष किती दिवस सुटली? उत्तर पटलावर आलं की पुरे. निम्म्या गावांसमोर 'माहिती गोळा केली जात आहे' असं येईल, ते आम्हाला माहीत आहे. तेही छापून येऊ दे.

त्यानंतरचं मला असं सुचतं. 'म्हजी बस' योजनेत खाजगी गाडीला कदंबच्या वेळापत्रकावर धावायचे किलोमीटरमागे पैसे मिळतात. ही युक्ती बरोबर आहे, कारण मग गाडीत बारा माणसं असली काय आणि पन्नास असली काय, मालकाचं नुकसान नाही. मग ती आधी शेवटच्या फेरीला लावा. गर्दीच्या रूटवर तिची तेवढी गरज नाही. तिथे गल्लाच गाडी ओढतो. ज्या गावाकडे खाजगीवाला जाणार नाही तिथे रात्रीची एक गाडी कदंबची स्वतःची असू दे, ड्रायव्हर-कंडक्टरच्या मुक्कामाची नीट खोली असू दे. आमच्याकडे देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) पूर्वी मुक्कामाच्या गाडीची माणसं झोपायची, त्यांना चवथीला नेवऱ्या जायच्या. तोट्याचं विचाराल, तर त्या गाडीचा तोटा आमच्या स्कूटरच्या हप्त्यांशेजारी मांडून बघा. मांडायला मी येते, फी नको. आणि सभेला गाड्या घ्याल तेव्हा सात वाजेपर्यंत परत करा.

आमच्या महिला मंडळात हे पत्र मी वाचून दाखवलं. एक बाई म्हणाली, नाटकाचं कशाला घातलंस, लोक म्हणतील हिला चैन पाहिजे. दुसरी म्हणाली, असू दे, चैनच आहे. मग मी ते ठेवलं.

उत्तर द्यायचं झालं तर माझ्या घरी पाठवू नका, आमच्याकडे पोस्टमनही बसनेच येतो. थांब्यावर चिकटवा. वाढदिवसाच्या फलकाच्या बाजूला जागा आहे.

आपली,
होंड्याच्या तिस्कावर उतरणारी एक प्रवासी